याला काच का लावली?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर.)

संयोजकांनी मला 'बाजारपेठेचे बदलते स्वरूप' असा भारदस्त विषय दिला होता. अशा विषयावर तासभर बोलणे अवघड नसते. भांडवलशाही, जागतिकीकरण, उपभोगवाद हे शब्द एकापाठोपाठ एक मांडत गेले की तास सरतो, टाळ्याही मिळतात आणि श्रोते जसे आले तसेच घरी जातात. म्हणून आज मी एका लिफ्टविषयीच बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्यातून काही मंडळी मोर्चासाठी मुंबईला गेली होती. त्यांत घाटंजीकडची एक शेतमजूर भगिनी होती. आझाद मैदानावरचा कार्यक्रम आटोपून आम्ही परळ भागातल्या एका जुन्या गिरणी कामगाराच्या घरी जेवायला निघालो. वाटेत पाणी प्यायला म्हणून एका मोठ्या व्यापारी संकुलात शिरलो. दारावर पिशव्या तपासून झाल्या. आत थंड हवा, गुळगुळीत फरशी, चार मजले उंच मोकळा चौक, आणि त्या चौकात सर्वांच्या डोळ्यांदेखत वर-खाली करणारी काचेची लिफ्ट. बाई तिच्यासमोर पाच मिनिटे उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, बाकी समदं समजलं. पण याले काच काऊन लावली?"

मी शिकल्यासवरल्या माणसाला शोभेल असे उत्तर दिले. म्हटले, आतल्या माणसांना बाहेरचे दिसावे म्हणून. त्या म्हणाल्या, "बाहेरचं दिसाव म्हून, का आतले दिसाव म्हून?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी यंत्राचा विरोधक नाही. लिफ्ट हे मनुष्याच्या उत्तम शोधांपैकी एक आहे. गुडघे गेलेल्या म्हातारीला, गरोदर स्त्रीला, चाकाच्या खुर्चीवरच्या तरुणाला विचारा, ते सांगतील. दोराने ओझे वर ओढणे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. दोर तुटला तर काय, ही भीती होती. इलिशा ओटिस नावाच्या अमेरिकन कारागिराने दोर तुटताच पाळणा जागच्या जागी अडकवून धरणारी कळ तयार केली आणि १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभे राहून, दोर कापायला लावून ती लोकांना दाखवली. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, माणसांची ने-आण करणारी त्याची पहिली लिफ्ट बसली ती कुठे? इस्पितळात नव्हे. ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात, आणि तेही चिनी मातीची व काचेची उंची भांडी विकणाऱ्या दुकानात.

हा काही योगायोग नव्हे. दुकानदाराची अडचण साधी होती. गिऱ्हाईक जिना चढत नाही. तळमजल्यावरची जागा सोन्याच्या भावाची आणि तिसऱ्या मजल्यावरची मातीमोल, हा तोवरचा नियम. युरोपातल्या शहरांतल्या घरांनाही तोच लागू होता. श्रीमंत पहिल्या मजल्यावर राहत, आणि माळ्याखालच्या खोल्यांत मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या मुली, विद्यार्थी राहत. लिफ्ट आली आणि हा नियम उलटा झाला. वरचा मजला धनिकांचा झाला आणि गरिबाला इमारतीतूनच बाहेर पडावे लागले. यंत्र तेच, पण ते कोणाच्या मालकीचे यावर ते कोणाला वर नेणार हे ठरले.

काचेचीही अशीच कथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये दोन रस्त्यांमधल्या बोळांवर लोखंड आणि काचेची छपरे टाकून दुकानांच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. चिखल नाही, पाऊस नाही, गाडीघोड्यांची भीती नाही, दोन्ही बाजूंना फक्त माल. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने आयुष्याची अखेरची वर्षे या गल्ल्यांचा अभ्यास करण्यात घालवली. त्याला त्यांत भांडवली समाजाचे स्वप्न दिसले. १८५१ मध्ये लंडनला काचेचा प्रचंड महाल उभारून जगभरचा माल मांडला गेला. सुरुवातीला प्रवेशाचे दर चढे होते. नंतर काही वार एक शिलिंगाचे ठेवले, तेव्हा कामगारही लोटले. आपल्याच हातांनी विणलेले कापड पाहायला त्यांनी पैसे मोजले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला. लँकेशायरच्या मागांना कापूस हवा होता आणि आपली काळी जमीन तो देत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात भाव आकाशाला भिडले आणि युद्ध संपताच कोसळले. आपल्या कास्तकाराने दूरदेशीच्या बाजाराची लिफ्ट पहिल्यांदा अनुभवली ती तेव्हा. तिची कळ कोणाच्या हाती आहे, हे त्याला तेव्हा दिसले नाही आणि आजही दिसत नाही.

काच आणि लिफ्ट यांचा संयोग बराच उशिरा झाला. अमेरिकेत १९५६ साली सॅन दिएगोच्या एका हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीवर काचेची लिफ्ट बसली. १९६७ मध्ये अटलांटा शहरात जॉन पोर्टमन या वास्तुकाराने हॉटेलच्या आतच बावीस मजली पोकळी ठेवली आणि तीत काचेचे पाळणे सोडले. तोपर्यंत लिफ्ट ही इमारतीची अंतर्गत गोष्ट होती. नळ जसा भिंतीत, तशी ती भिंतीआड. आता ती देखावा झाली. माणूस माल पाहतो, आणि माल पाहणारा माणूसही इतरांना दिसतो. तो स्वतःच प्रदर्शनात मांडला जातो. घाटंजीच्या बाईंनी विचारले होते ते हेच.

परंतु त्या काचेतून काय दिसत नाही, तेही पाहू. कोणत्याही साध्या दोरखंडी लिफ्टमध्ये पोलादी दोरांच्या एका टोकाला पाळणा असतो आणि दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारे एक जड वजन. पाळण्याचे स्वतःचे वजन अधिक भाराचा साधारण निम्मा हिस्सा, इतके ते भरते. पाळणा वर चढतो तेव्हा हे वजन खाली उतरते. त्यामुळेच मोटारीला फार ओढावे लागत नाही. काचेच्या लिफ्टची सगळी कारागिरी ते वजन, ते दोर, ती मोटार प्रवाशाच्या नजरेआड ठेवण्यात असते. म्हणजे जिथे सगळे पारदर्शक आहे असे वाटते, तिथे चढणाऱ्याला पेलणारे वजन तेवढे झाकलेले असते. उपमा फार ताणू नये हे मला कळते. पण ही उपमा मी शोधलेली नाही, ती त्या यंत्रातच आहे.

मुंबईत अशा संकुलांचा जमाना सुरू झाला तो १९९९ मध्ये, ताडदेव-हाजीअली भागात 'क्रॉसरोड्स' उघडले तेव्हा. पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. तेव्हा व्यवस्थापनाने अट घातली, की ज्याच्याजवळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच आत सोडायचे, इतरांनी साठ रुपये भरावेत. १९९९ साली मोबाइल फोन किती जणांच्या खिशात होता ते तुम्हाला ठाऊक आहे. ती अट टिकली नाही. पण ती सुचली, आणि ती लावताना कोणाला लाज वाटली नाही, याची नोंद ठेवली पाहिजे.

साथींनो, आपण साने गुरुजींचे वारस म्हणवतो. १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस प्राण पणाला लावले. ते दार उघडले. त्याआधी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांचे अनुयायी वर्षानुवर्षे उभे राहिले होते. देवळाच्या दाराशी जात विचारणे या देशात गुन्हा ठरला. आणि स्वातंत्र्याला पन्नास वर्षे उलटल्यावर दुकानाच्या दाराशी खिसा विचारला गेला! मुंबई-पुण्याच्या कित्येक गृहसंस्थांत घरकाम करणाऱ्या बाईला, कचरा नेणाऱ्याला वेगळी लिफ्ट असते. मालकांच्या लिफ्टने जायचे नाही. कुत्र्यालाही मालकाबरोबर जाता येते. या पाटीवर जातीचा उल्लेख नसतो, त्याची गरजही नसते. वेगळ्या लिफ्टमध्ये कोण चढते ते पाहिले की पुरे.

आता गिरण्यांकडे येतो, कारण तिथे आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रूळमार्गाची गाडी घातली, ती प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे. तिला कापसाच्या गाठी हव्या होत्या. आपली 'शकुंतला' गाठी मूर्तिजापूरला पोहोचवी, तिथून त्या मोठ्या गाडीने मुंबईच्या गिरण्यांकडे आणि बंदराकडे जात. आज त्या रुळांवर गाडी नाही. दुसऱ्या टोकाला परळ-लालबागच्या गिरण्याही नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाच्या चुकांची चर्चा आपण पुष्कळ केली आहे, आज करत नाही. संपानंतर जमिनीचे काय झाले ते सांगतो.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या कलमाने गिरण्यांची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळ मानाने तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये राज्य सरकारने त्या नियमात बदल केला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीची बांधकामे उभी होती ती वाटणीतून सुटली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये हा बदल वैध ठरला. एका शब्दाच्या फेरफाराने शहराची मैदाने आणि कामगारांची घरे आटली. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज देशातल्या सर्वांत झगमगत्या बाजारांपैकी एक उभा आहे. गिरणीची चिमणी शोभेसाठी राखली आहे. घरांसाठी लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. त्यांतील बहुसंख्य अजून वाट पाहत आहेत, आणि वाट पाहता पाहता कित्येक गेले.

याच परिसरात २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसात गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मेली. गिरण्यांच्या जागी टोलेजंग कचेऱ्या आल्या, संकुले आली, प्रत्येकीत लिफ्टच्या रांगा आल्या. त्या कचेऱ्यांत कामाला येणाऱ्या लाखो माणसांसाठी स्थानकाचा जिना मात्र जुनाच राहिला. खाजगी भिंतीच्या आत चार मजले विनासायास चढता येतात आणि भिंतीबाहेरच्या सार्वजनिक जिन्यावर माणूस गुदमरून मरतो. याहून स्पष्ट चित्र मला मांडता येणार नाही.

आणि त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, आपल्या यवतमाळमध्ये काय चालले होते? वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणीच्या विषबाधेचे शेकडो रुग्ण येत होते. त्या हंगामात कापसाचे झाड डोक्याच्या वर गेले होते. खाली उभे राहून वर फवारायचे, तोंडाला फार तर शेला बांधलेला, वाऱ्याबरोबर विष अंगावर. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर या जिल्ह्यात दगावले. डबीवरच्या सूचना त्यांनी वाचल्या नाहीत असे सांगितले गेले. भिंगाशिवाय न दिसणारी अक्षरे कोणी वाचायची होती?

ही दोन्ही मरणे मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. ती एकाच धाग्याने बांधलेली आहेत, आणि तो धागा कापसाचा आहे. थोडा हिशेब करू. शंभर किलो कापसातून सुमारे चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. एका सदऱ्याला कताई-विणाईची तूट धरून पाव ते तृतीयांश किलो रुई लागते, म्हणजे एक किलोच्या आतबाहेर कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे किलोला एक्क्याऐंशी रुपये. हमीभाव जाहीर होणे आणि पदरात पडणे यांतले अंतर या सभागृहात कोणाला समजावण्याची गरज नाही. त्या एक्क्याऐंशीत बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, भाडे सगळे आले. सीतादही करून पहिली वेचणी सुरू करणाऱ्या बाईची दिवसभराची वाकलेली कंबर त्यातच आली. तोच सदरा काचेच्या लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेल्यावर दोन हजारांना विकला जातो. मधल्या एकोणीसशे रुपयांत सूतगिरणी आहे, शिलाई करणारी कामगार आहे, वाहतूक आहे. त्यांचे श्रम मी नाकारत नाही, पण त्यांचाही वाटा थोडाच आहे. मोठा वाटा जातो तो नावाला, जाहिरातीला, जागेच्या भाड्याला. थंड हवेचा आणि त्या लिफ्टचा खर्चही गिऱ्हाइकाच्या आणि कास्तकाराच्याच खात्यावर पडतो. आणि २०२५ मध्ये सरकारने काय केले? ऐन हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत, परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ केले. कापड-उद्योगाची लिफ्ट वर जावी म्हणून वजन कोणत्या बाजूला उतरवले ते पाहा.

कोणी म्हणेल, यवतमाळात काही पोर्टमनचे हॉटेल नाही, मग ही चिंता कशाला? नाही कसे? तालुक्याच्या गावांतही बाजारओळीतली जुनी दुकाने पाडून गाळ्यांची संकुले उठत आहेत. काचेची दर्शनी भिंत आली, वातानुकूलन आले, लिफ्टही आली किंवा येईल. त्याबरोबर दारावरचा पहारेकरी आला, आणि रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवालीला, बांगड्यावाल्याला हुसकावणे आले. आत काम करणाऱ्या मुली बहुधा आपल्याच खेड्यांतल्या असतात. त्यांतल्या एकीने मला सांगितले, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत बसायचे नाही. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. काचेतून दिसते ना! दुकानातील कामगाराला बसण्याचा हक्क असावा म्हणून केरळातल्या स्त्रियांनी लढा दिला आणि २०१८ मध्ये तो कायद्यात आणला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तो दिला. आपल्या जिल्ह्यातल्या किती दुकानांत मुलींना प्रत्यक्षात स्टूल मिळते, हे आपल्यापैकी कोणी मोजले आहे का?

स्टुलावरून लिफ्टमन आठवला. मुंबईच्या जुन्या कचेऱ्यांत लिफ्टच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला खाकी गणवेशातला माणूस असे. मजला न विचारता नेमका सोडणारा, कोकणातला किंवा घाटावरचा कोणी. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर १९४५ मध्ये सुमारे पंधरा हजार लिफ्टचालक, द्वारपाल आणि इमारत-कामगार संपावर गेले तेव्हा शहर ठप्प झाले होते. त्यानंतर मालकांनी चालकाविना चालणाऱ्या लिफ्टचा आग्रह धरला. ते यंत्र आधीच उपलब्ध होते, पण लोक त्यात बसायला भीत. संपाने मालकांची भीड चेपली. आपल्या कामगार-संघटनांनी या उदाहरणावर विचार करावा. संप करू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. संपाबरोबरच यंत्र कोणाच्या ताब्यात जाते याचा विचार करावा, इतकेच म्हणतो.

आता करायचे काय, ते सांगून थांबतो. लिफ्ट फोडायची नाही. लिफ्ट मागायची आहे, पण जिथे ती हवी तिथे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०१७ मध्ये निघाले. सर्व सार्वजनिक इमारती पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या करायच्या, असे त्यात लिहिले आहे. ती पाच वर्षे २०२२ मध्येच संपली. निराधार योजनेच्या अर्जासाठी आलेल्या म्हाताऱ्याला कोणत्या कचेरीत किती पायऱ्या चढाव्या लागतात? कोणत्या इस्पितळात रुग्णाला झोळीत घालून वर नेतात? कुठे लिफ्ट आहे पण बंद आहे आणि तिच्यात जुन्या फायली रचल्या आहेत? आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी येत्या दोन महिन्यांत तहसील, पंचायत समिती, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय आणि बसस्थानक अशा पाच ठिकाणी स्वतः जाऊन पायऱ्या मोजाव्यात, उतार आहे की नाही पाहावे, लिफ्ट असेल तर ती चालते का हे तिच्यात बसून पाहावे आणि कागदावर लिहून आणावे. सोबत बाजारातल्या दुकानांत स्टूल आहे की नाही तेही लिहावे. यादी हाती आली की जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ, त्या वेळी पहिल्या मजल्यावर असलो तर चाकाच्या खुर्चीवरच्या साथींना पुढे ठेवून जाऊ.

घाटंजीच्या त्या बाईंना मी परतीच्या गाडीत विचारले होते, की तुम्ही त्या लिफ्टमध्ये का बसला नाहीत? बसायला कोणी मनाई केली नव्हती. त्या म्हणाल्या, "पायाले चिखल होता, भाऊ." मोर्चाच्या दिवशी पाऊस होता, हे खरे आहे. यादीचे घाटंजी तालुक्यातले काम त्यांनी आपल्याकडे घेतले आहे.